देय लेखा प्रशिक्षण
पुरवठादारांची देणी चुकती करणाऱ्या लेखा कर्मचाऱ्यांना सेवाकाळात दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. खरेदी आदेश, मालाची आवक पावती व बीजक यांतील नग, दर व रक्कम ताडून पाहणे, हा त्याचा पाया होय. त्यामुळे एकच बीजक दोनदा चुकते होणे टळते. पडताळणी, मंजुरी व प्रदान ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवल्यास अफरातफरीस आळा बसतो, हेही शिकवितात. मात्र पडताळणीच्या नावाखाली विलंब क्षम्य ठरत नाही. भारतात सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार (२००६) सूक्ष्म व लघू पुरवठादारांचे देणे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक थकविता येत नाही. थकल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. म्हणून काटेकोरपणाइतकेच मुदतीचे भानही या प्रशिक्षणात आवश्यक मानतात.