मोठ्यांमधला ‘स्टिल आजार’

नोंद : लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये या आजाराचे मुलांमध्ये वर्णन केले, डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी १९७१ मध्ये मोठ्यांमध्ये.

लक्षणे
- बहुधा संध्याकाळी ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर चढणारा ताप, सांधेदुखी, घसादुखी.
- तापासोबत फिकट गुलाबी पुरळ उठते, ताप उतरताच मावळते. सकाळी ओपीडीत अंग स्वच्छ! म्हणून रात्रीच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

निदान : एकच खात्रीची तपासणी नाही. सोलापुरात आधी डेंगी, मलेरिया, टायफॉइड, क्षयरोग वगळावे लागतात. रक्तातले फेरिटिन बहुधा खूप वाढते. संधिवातासाठी तपासला जाणारा आरए फॅक्टर सहसा निगेटिव्ह.

उपचार : वेदनाशामके, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, गुण न आल्यास टोसिलिझुमॅबसारखी जैविक औषधे. स्टेरॉइड मनाने बंद करू नये.

कुठे दाखवावे : सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मेडिसिन विभाग किंवा संधिवाततज्ज्ञ.