विरंगुळा केंद्राचं डे-केअर करायचं तर नेमकं काय काय लागतं?

पुण्यातल्या कुठल्याही विरंगुळा केंद्रात सकाळी डोकावून बघा. दोन-चार जण पेपर वाचत बसलेले असतात, एका टेबलावर कॅरम किंवा पत्त्यांचा डाव रंगलेला असतो. आठवड्यातून एकदा भजन, एकदा योगासनं, मधूनच कुणाचा पंच्याहत्तरीचा वाढदिवस, कधी रक्तदाब आणि साखर तपासणीचं शिबिर. महापालिकेनं जागा दिलेली असते आणि रोजचा कारभार त्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ बघतो.

ही व्यवस्था चांगली चालते. पण तिची एक अट आहे, जी कुठल्याही फलकावर लिहिलेली नसते. तुम्हाला तिथं स्वतःच्या पायांनी जाता आलं पाहिजे आणि स्वतःच्या पायांनी घरी परतता आलं पाहिजे.

गुडघे साथ देईनासे होतात. एकदा पाय घसरून पडल्यावर जिन्याची भीती बसते. घरचा रस्ता चुकायला लागतो. मग माणूस यायचा थांबतो. सुरुवातीला चौकशी होते, हळूहळू तीही थांबते. म्हणजे माणसाला सोबतीची सगळ्यात जास्त गरज लागते, नेमकं तेव्हाच केंद्राचं दार त्याच्यासाठी बंद होतं.

याच टप्प्यावर 'आपल्या केंद्रातच दिवसभराची सोय का करू नये?' हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर समजून घेऊ.

डे-केअर म्हणजे वाढीव वेळेचं विरंगुळा केंद्र नाही

अनेकांना वाटतं की वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५ केली, दुपारचं जेवण ठेवलं, चार पलंग टाकले, की झालं डे-केअर. खरा फरक मात्र जबाबदारीचा आहे.

विरंगुळा केंद्रात माणूस 'सभासद' असतो. तो आला तर आला, मधेच उठून घरी गेला तर गेला. डे-केअरमध्ये कुटुंब त्या माणसाला तुमच्या हवाली करून जातं. पुढचे सहा-सात तास त्यानं काय खाल्लं, औषध घेतलं का, संडासला कुणी नेलं, दारातून बाहेर तर पडला नाही ना, या सगळ्याला केंद्र उत्तरदायी असतं.

काही लोक याला 'आजी-आजोबांचं पाळणाघर' म्हणतात. शब्द लक्षात राहतो, पण बऱ्याच ज्येष्ठांना तो खटकतो आणि त्यांचं बरोबर आहे. पाळणाघरातलं मूल दर महिन्याला थोडं जास्त स्वावलंबी होतं. इथं आहे ते स्वावलंबन टिकवायचं असतं. म्हणून चांगल्या डे-केअरमध्ये आजींना भरवत नाहीत, त्यांना स्वतः जेवता येईल असा चमचा आणि तेवढा वेळ देतात.

नारायण पेठेत हा प्रश्न का येतो?

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, महाराष्ट्रात ९.९ टक्के. पेठांमध्ये या आकड्याला जागेची अडचण जोडली जाते.

पेठेतल्या जुन्या वाड्यांचे आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने अरुंद आणि चढे. मुलं कोथरूड, सिंहगड रस्ता, बाणेरला किंवा परदेशी गेलेली, आणि आई-वडील जुन्या जागेतच. त्यांना नव्या फ्लॅटमध्ये करमत नाही. पत्र्या मारुती, मोदी गणपती, ओळखीचा वाणी, ओळखीचे डॉक्टर हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. तोवर सगळं ठीक चालतं.

मग घरातला एक जण आजारी पडतो आणि दुसरा त्याला सांभाळायला लागतो. ८० वर्षांच्या आजोबांना ७५ वर्षांच्या आजी उठवतात, बसवतात. किंवा सून नोकरी सोडते, किंवा मुलगी रोज कोथरूडहून येऊन-जाऊन करते. ब्युरोची मावशी ठेवायची तर बारा तासांचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. घर आणि वृद्धाश्रम यांच्यामधली पायरीच आपल्याकडे जवळपास नाही. डे-केअर ही ती पायरी.

विसराळूपणाच्या आजारात ही गरज जास्त जाणवते. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा. अशा माणसाला सांभाळणाऱ्याला दिवसातून चार तास मोकळे मिळाले तरी घराचं चित्र बदलतं.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि बहुतेक ठिकाणी हळूहळू वाढवत नेऊन केलंय.

केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्था 'पकल वीडु' चालवतात. मल्याळममध्ये याचा अर्थ दिवसाचं घर. सुरुवातीला ही घरं आपल्या विरंगुळा केंद्रांसारखीच होती. पुढे तिथल्या सरकारनं 'सायंप्रभा' योजनेतून त्यातल्या काही घरांत काळजीवाहक, पौष्टिक जेवण आणि आरोग्याच्या सोयी दिल्या. नवी इमारत न बांधता आहे त्याच घराला बळ दिलं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७१ साली 'ऑन लोक' ही संस्था स्थापन झाली. तिथल्या चिनी कुटुंबांना आपली म्हातारी माणसं परक्या भाषेच्या, परक्या जेवणाच्या नर्सिंग होममध्ये ठेवायची नव्हती. १९७३ साली वस्तीतच दिवसाचं केंद्र सुरू झालं. मग त्याला घरपोच मदत आणि डॉक्टरांची जोड मिळाली. पुढे हाच नमुना 'पेस' या नावानं अमेरिकेत इतरत्र गेला आणि १९९७ च्या कायद्यानं त्याला सरकारी आरोग्य विम्यात कायमची जागा मिळाली.

जपानमध्ये एप्रिल २००० पासून दीर्घकालीन काळजीचा सरकारी विमा आहे. तिथली डे-सर्व्हिस केंद्रं माणसाला घरून गाडीनं आणतात, आंघोळ घालतात, जेवण देतात, व्यायाम करून घेतात आणि परत सोडतात. आंघोळ ही तिथली महत्त्वाची सेवा, कारण घरच्या छोट्या मोरीत म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं हेच सगळ्यात जोखमीचं काम असतं. पेठेतल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत डिग्निटी फाउंडेशननं विरंगुळ्याच्या 'चाय मस्ती' केंद्रांसोबत डिमेन्शियासाठी वेगळी डे-केअर केंद्रंही चालवली आहेत. दोन्ही कामं वेगळी ठेवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. प्रत्येक कामाला लागणारी माणसं, जागा आणि दिवसाचा क्रम वेगळा असतो.

केंद्रात काय काय बदलावं लागतं?

*१. कुणाला घ्यायचं, हे आधी ठरवणं.* 'सगळ्यांना घेऊ' ही भावना चांगली, पण धोक्याची. डॉक्टर वापरतात ती कॅट्झ यांची १९६३ सालची यादी इथं उपयोगी पडते. त्यात सहा गोष्टी बघतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. यातलं काय माणूस स्वतः करतो आणि कशाला मदत लागते, हे प्रवेशाच्या वेळी लिहून घ्यायचं. एक-दोन गोष्टींना मदत लागणाऱ्यांपासून सुरुवात करावी. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांना डे-केअरचा उपयोग होत नाही, त्यांना घरपोच सेवा हवी.

*२. जागा.* तळमजला आणि दाराशी पायरीऐवजी उतार. व्हीलचेअर वळेल एवढं शौचालय, कमोड, भिंतीला पकडायचे दांडे, न घसरणारी फरशी. दुपारी आडवं व्हायला शांत खोली. विसराळू माणसांसाठी असं दार, की कुणी नकळत बाहेर पडणार नाही, पण आग लागली तर लगेच उघडेल. यातलं शौचालय सर्वात महत्त्वाचं. ते नसेल तर बाकीच्या तयारीला अर्थ नाही.

*३. माणसं.* विरंगुळा केंद्र स्वयंसेवकांवर चालतं आणि ते स्वयंसेवक स्वतःच सत्तरीचे असतात. ते गप्पा, वाचन, भजन उत्तम घेतील. पण ७० किलोच्या माणसाला उचलून बसवणं हे त्यांचं काम नव्हे. त्यासाठी शिकलेले, पगारी मदतनीस हवेत. एक परिचारिका आणि हाकेच्या अंतरावरचे एक डॉक्टरही हवेत.

*४. ने-आण.* नारायण पेठेत ही सगळ्यात अवघड बाब. गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि लक्ष्मी रस्त्यावर थांबायला जागा नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर वेगळंच नियोजन लागतं, कारण मानाच्या पाचव्या गणपतीचा केसरीवाडा याच पेठेत आहे. विसर्जनाच्या दिवशी केंद्र बंद ठेवणंच शहाणपणाचं. बाकीच्या दिवसांसाठी ठरलेला रिक्षावाला आणि सोबत एक मदतनीस ही जोडी मोठ्या गाडीपेक्षा सोयीची. मात्र तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं कुणी, हे कुटुंबाशी आधीच बोलून घ्यावं लागतं.

*५. लेखी बोलणी.* कुठली औषधं किती वाजता, कशाची ॲलर्जी, कुणाला फोन करायचा, तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात न्यायचं, संध्याकाळी घ्यायला कोण येणार. हे सगळं कागदावर आणि दोघांच्या सह्या. पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून 'कागद कशाला?' असं म्हणतात. ओळख टिकावी म्हणूनच कागद करायचा.

पैशाचं गणित

समजायला एक उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या भागातले दर टाकून बघा.

समजा १५ जण येतात, महिन्याचे २२ दिवस, आणि जागेला भाडं नाही. तीन मदतनीसांचे प्रत्येकी १५,००० म्हणजे ४५,०००. परिचारिकेचे २५,०००. ने-आण ३०,०००. वीज, सफाई आणि इतर १५,०००. चहा-नाश्ता-जेवण रोज माणशी ८० रुपये, म्हणजे २६,४००. एकूण १,४१,४०० रुपये. माणशी साधारण ९,४३०.

आता १५ ऐवजी १० जणच आले तर? जेवणाचा खर्च १७,६०० वर येतो, बाकी सगळं तेवढंच राहतं. एकूण १,३२,६००, म्हणजे माणशी १३,२६०.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, खर्चाचा मोठा भाग पगारांचा आहे. तुम्ही जेवणात काटकसर केली तरी फारसा फरक पडत नाही. दोन, रिकामी खुर्ची महाग पडते. म्हणून शुल्क रोजचं न ठेवता महिन्याचं ठेवतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी देणगीतून काही जागा राखाव्या लागतात, नाहीतर केंद्र फक्त पेन्शनवाल्यांचं होतं.

सरकार यात कुठे आहे?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. तिथं दिवसाच्या केंद्राचा उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात.

थोडक्यात, माणूस पडल्यावर लागणारी मदत आहे. तो पडू नये म्हणून रोज लागणाऱ्या मदतीला मात्र पैसा नाही. त्यामुळे महापालिकेची जागा, ज्येष्ठ नागरिक संघाचा विश्वास, कुटुंबांचं शुल्क आणि देणग्या ही मोट स्थानिक पातळीवरच बांधावी लागते.

मग सुरुवात कुठून?

पहिल्याच दिवशी आठवडाभराचं केंद्र उघडू नका. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी १० ते दुपारी २, सहा ते आठ जण, एवढंच तीन महिने करून बघा. तेवढ्यात ने-आण, शौचालय आणि माणसं या तिन्हीतली खरी अडचण समोर येते. कॅरम खेळणारे जुने सभासद नाराज होऊ नयेत म्हणून त्यांची संध्याकाळची वेळ तशीच ठेवा. आज खेळणाऱ्यांनाच उद्या ही सोय लागणार आहे, हेही त्यांना मोकळेपणानं सांगा.

त्याही आधी एक बिनखर्चाचं काम आहे. केंद्राची हजेरीवही काढा आणि गेल्या वर्षभरात कोण कोण यायचं थांबलं त्यांची यादी करा. प्रत्येकाच्या घरी दोघांनी जाऊन कारण विचारा. कुणी जिन्यामुळे थांबलं असेल, कुणी लघवीच्या त्रासामुळे, कुणी नावं आठवत नाहीत या लाजेमुळे. तुमच्या केंद्राला डे-केअर हवं की नुसता रिक्षावाला आणि कमोड पुरेल, हे या यादीवरून कळेल.

घरात एकट्यानं सगळं सांभाळत असाल आणि आजच मार्गदर्शन हवं असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असते. फोन मोफत आहे.