रायफल तीच, कायदा राज्यागणिक वेगळा

पेनसिल्व्हेनियातल्या मॉरिसव्हिलहून न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला जायचं तर डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडावा लागतो. पायी गेलं तरी काही मिनिटांचं काम. अलीकडच्या काठावर एआर-१५ जातीची रायफल दुकानात रीतसर विकत मिळते. तीच रायफल, तिच्या नेहमीच्या रूपात, पलीकडच्या काठावर तुमच्याकडे सापडली तर न्यू जर्सीच्या कायद्यात तो दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे आणि त्याला ५ ते १० वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पावती खरी, दुकानदार परवानाधारक, खरेदीच्या वेळची तपासणी पार पडलेली; यातलं काहीही कामी येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन पटत नाही. भारतात शस्त्रं हा केंद्राचा विषय. १९५९चा शस्त्र अधिनियम कोल्हापूरला जो लागू, तोच कोलकात्याला. अमेरिकेत केंद्रीय कायदा हा नुसता तळाचा थर. त्यावर प्रत्येक राज्य आपला थर चढवतं, आणि काही ठिकाणी शहर किंवा कौंटी आणखी एक. गंमत अशी, की मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात ती न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही राज्यं याबाबतीत देशातल्या सर्वांत कडक राज्यांत मोडतात. उलट टेक्सासमध्ये अशा रायफलींवर राज्याची बंदीच नाही. त्यामुळे डॅलसच्या मित्राने छातीठोकपणे दिलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये थेट तुरुंगात नेऊ शकतो.

सगळ्यांत जुना गैरसमज असा की बंदी आहे ती ‘मशीनगन’वर, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशा हत्यारावर. तो विषय वेगळा आणि बराच आधी मार्गी लागलेला आहे. स्वयंचलित बंदुकांची नोंदणी १९३४च्या केंद्रीय कायद्याने सक्तीची केली आणि मे १९८६ नंतर बनलेली स्वयंचलित बंदूक सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. राज्यांचा वाद आहे तो अर्धस्वयंचलित रायफलींवर. यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं.

मग सगळ्या अर्धस्वयंचलित रायफली बंद का नाहीत? इथे कायदा खरोखर विचित्र होतो. १९८९च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या एका शाळेत गोळीबार होऊन पाच मुलं दगावली आणि त्याच वर्षी त्या राज्याने देशातला असा पहिला कायदा केला. सुरुवातीला त्यात बंदुकींच्या नावांची यादी होती. कंपन्यांनी नाव बदललं, हत्यार तेच ठेवलं. म्हणून पुढे लक्षणांवरून ओळखायची पद्धत आली: काढता-घालता येणारं मॅगझिन आहे, आणि शिवाय पिस्तुलासारखी मूठ, मिटणारा दस्ता किंवा नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपवणारा भाग आहे का? १९९४ ते २००४ या दहा वर्षांत जी केंद्रीय बंदी होती तिच्यात अशी दोन लक्षणं लागत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कला आज एकच पुरतं. परिणामी लाकडी दस्त्याची साधी रुगर मिनी-१४ अनेक कडक राज्यांतही चालते आणि तेच काडतूस त्याच गतीने डागणारी काळी एआर-१५ चालत नाही. बंदुकांचे समर्थक याला दिखाऊपणा म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मूठ बदलली की रायफल निर्धोक झाली, असं कायदाही म्हणत नाही. तो फक्त तिला दुसऱ्या खणात टाकतो. मालकाच्या दृष्टीने यातली खरी मेख अशी, की सुट्टीच्या दिवशी घरी बसवलेला एखादा भाग रायफलीला गुन्ह्याच्या खणात ढकलू शकतो.

‘बंदी’ म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट, असंही नाही. वॉशिंग्टन राज्याने एप्रिल २०२३ मध्ये विक्री, उत्पादन आणि आयात थांबवली. ज्यांच्याकडे आधीपासून रायफल होती त्यांच्या ताब्याला हात लावला नाही. इलिनॉयने राज्यातल्याच हायलंड पार्क इथे झालेल्या गोळीबारानंतर जानेवारी २०२३ मध्ये कायदा केला आणि जुन्या मालकांना राज्य पोलिसांकडे प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये जुन्या रायफलींची नोंदणी सक्तीची केली. कॅलिफोर्नियात नोंदवलेली रायफल मालकाकडे राहते खरी, पण ती वारशाने मुलाला मिळाली तर त्याला ९० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो: परवानाधारक विक्रेत्याला विकायची, कायमची निकामी करायची, राज्याबाहेर न्यायची किंवा खास परवाना मिळवायचा. वडिलांची आठवण म्हणून ती तशीच कपाटात ठेवणं कायद्यात बसत नाही. नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यातून कॅलिफोर्नियात येणाऱ्यालाही अशी रायफल सामानाच्या ट्रकमध्ये घालून आणता येत नाही. परवाना आधी, रायफल नंतर.

वाहतुकीबाबत लोक एका केंद्रीय कलमाचा हवाला देतात. १९८६च्या कायद्यात ते आहे आणि उपयोगीही आहे: निघालात तिथे आणि पोहोचणार तिथे, दोन्हीकडे बंदूक बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणो, ती नेता येते. बंदूक रिकामी हवी. ती आणि गोळ्या गाडीतल्या माणसांच्या हाताशी नसाव्यात, म्हणजे डिकीत असाव्यात. वेगळी डिकीच नसेल तर कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा चालत नाही. पण हे कलम वाटेपुरतं आहे. जिथे जायचंय त्याच राज्यात रायफल बंद असेल, तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि वाट म्हणजे नेमकं काय, यावरही कोर्टात भांडणं झाली आहेत. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला चुकलं. त्याच्या सामानात कुलूपबंद पेटीत पिस्तूल होतं. ती बॅग ताब्यात घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तुलाची माहिती दिली. त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याने केलेल्या दाव्यात तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला: रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणून केंद्रीय संरक्षण लागू नाही. मला हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आणि माणसाच्या दृष्टीने अन्यायाचा वाटतो. पण न्यू जर्सीतून जाणाऱ्याने तो माहीत असल्याशिवाय निघू नये. पेट्रोल भरायला थांबणं आणि मावशीकडे दोन दिवस मुक्काम करणं यात कायद्याच्या लेखी फार मोठं अंतर आहे.

१६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीचा मामला आणखी वेगळा. ती राज्याच्या सीमेपलीकडे न्यायची तर केंद्रीय शस्त्र विभागाकडून आधी लेखी मंजुरी लागते, मग दोन्ही राज्यांत ती चालत का असेना.

‘दुसरी घटनादुरुस्ती आहे ना, मग राज्यं बंदी घालतातच कशी?’ हा प्रश्न नेहमी येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शस्त्र बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला आणि २०२२ मध्ये तो घराबाहेरही नेला, हे खरं. पण मेरीलँडची अशीच रायफलबंदी अपील न्यायालयाने २०२४ मध्ये कायम ठेवली आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. हा मुद्दा आपण लवकरच हाती घ्यायला हवा, असं न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी तेव्हा लिहिलं होतं. पण ‘हा कायदा उद्या पडणारच’ हा पोलिसांपुढे आज बचाव होत नाही.

मराठी वाचकासाठी सगळ्यांत महत्त्वाचा गैरसमज व्हिसाचा. एच-१बीवर काम करणारा किंवा एफ-१वर शिकणारा माणूस कर भरतो, गाडी चालवतो, घर घेतो. म्हणून बंदूकही घेऊ शकतो असं नाही. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला केंद्रीय कायदा बंदूक किंवा गोळ्या बाळगू देत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल तासभर हातात धरणं हेही बाळगणंच. फ्लोरिडात शिकायला आलेल्या आणि विद्यार्थी म्हणून दर्जा गमावलेल्या रेहाइफ नावाच्या तरुणावर रेंजवर बंदूक चालवल्यावरूनच खटला झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपला दर्जा आरोपीला ठाऊक होता हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण आपला व्हिसा कोणता हे बहुतेकांना ठाऊक असतंच, त्यामुळे त्या निकालाचा आधार तोकडा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

व्हिसावाल्यांसाठी ठळक अपवाद शिकारीचा: एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर केंद्राची आडकाठी उठते. तेवढ्यावर न्यू जर्सीत मात्र काम भागत नाही. तिथे साधी, बंदी नसलेली रायफल विकत घ्यायलाही राज्याचं खरेदीदार ओळखपत्र लागतं, आणि ते पोलिसांकडून घ्यावं लागतं.