ब्रश घेताना, ब्रश धुताना

रोजच्या मेकअपला बारा ब्रशांचा संच लागत नाही. फाउंडेशनसाठी दाट केसांचा एक, पावडर-ब्लशसाठी मऊ, फुगीर एक आणि आयशॅडोसाठी एक छोटा, एवढे तीन पुरेत. फाउंडेशनसारख्या पातळ किंवा क्रीमच्या प्रकारांना कृत्रिम केसांचा ब्रशच घ्या. तो प्रसाधन पीत नाही आणि धुवायलाही सोपा. बकरीच्या केसांचे ब्रश कोरडी पावडर छान उचलतात. दुकानात ब्रश तळहातावर चारपाच वेळा फिरवून पाहा. केस टोचले किंवा गळले, तर तो परत ठेवा.

जपानमधल्या हिरोशिमाजवळचं कुमानो हे गाव ब्रशांसाठीच ओळखलं जातं. 2011 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी महिला फुटबॉल संघाला सरकारी सन्मानासोबत तिथलेच मेकअप ब्रश भेट मिळाले होते.

आता धुण्याचं. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर 7 ते 10 दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. मुरमं येणाऱ्यांनी तर हे मुळीच टाळू नये. कोमट पाण्यात थोडा सौम्य शॅम्पू घालून फक्त टोकं घोळवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. दांड्याजवळच्या धातूच्या पट्टीत पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस झडू लागतात. म्हणून ओला ब्रश पेल्यात कधीच उभा ठेवू नका. टॉवेलने हलकेच टिपा, केसांना बोटांनी आकार द्या आणि टोक ओट्याच्या कडेबाहेर राहील असा आडवा वाळवा. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा. दमट ब्रश डबीत गेला, तर कुबट वास धरतो.