टाक्याचा हिशेब कोण ठेवणार?

देशातील रोजगाराची पाहणी करणारा कर्मचारी घरी येतो, तेव्हा घरातील प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे एक संकेतांक लिहितो. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या (पीएलएफएस) या यादीत ९३ हा एक क्रमांक आहे. घरकाम सांभाळून घरच्याच वापरासाठी सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी किंवा शिवण, विणकाम करणारी व्यक्ती या क्रमांकाखाली नोंदवली जाते. हा क्रमांक श्रमशक्तीबाहेरच्या गटात मोडतो. म्हणजे जुन्या लुगड्यांच्या थरांवर महिनाभर धावदोरा घालून मुलाबाळांसाठी गोधडी तयार करणारी बाई सरकारी आकडेवारीत कामगार नसते. ती काम शोधत नसल्यामुळे बेरोजगारही ठरत नाही.

ही बाई देशात सर्वत्र आहे. बिहारमध्ये ती सुजनी शिवते, बंगालमध्ये कांथा, उत्तर कर्नाटकात कौदी, राजस्थान-गुजरातच्या वाळवंटी भागात रल्ली, आणि महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ. नावे निरनिराळी असली तरी कृती जवळपास एकच. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि सगळे थर एकजीव होईपर्यंत साधा टाका घालत जायचे. पूर्वी कांथ्यासाठी रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून घेतला जाई. कापसाची नवी रजई विकत घेणे ज्या घरांना परवडत नाही, तिथे थंडीचे संरक्षण या टाक्यांतूनच होत आले आहे.

आता मोजणीतील विसंगती पाहू. राष्ट्रीय उत्पन्न कसे मोजावे, याबाबत संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘राष्ट्रीय लेखा प्रणाली’नुसार घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू हेही उत्पादनच आहे. स्वयंपाक आणि साफसफाई या विनावेतन सेवा त्या व्याख्येबाहेर राहतात. पण घरी शिवलेले कपडे व्याख्येत बसतात. आपल्या रोजगार पाहण्यांनी मात्र घरच्या वापरासाठी होणाऱ्या उत्पादनापैकी शेतीमालासारख्या प्राथमिक वस्तू आणि घर, विहीर यांसारखी स्थावर मत्ता एवढेच आर्थिक कार्य मानले. घरच्यासाठी पिकवलेले धान्य कामात मोजले जाते, घरच्यासाठी शिवलेले पांघरूण मोजले जात नाही.

हा वाद केवळ व्याख्येचा असता, तर तो तज्ज्ञांवर सोपवता आला असता. परंतु तीच बाई, त्याच खोलीत, तीच सुई घेऊन व्यापाऱ्यासाठी शिवू लागते, तेव्हाही ती अनेकदा अदृश्यच राहते. शिवणकाम हा तिचा घरगुती गुण आहे, फावल्या वेळेतील उद्योग आहे, ही समजूत कुटुंबाची, व्यापाऱ्याची आणि प्रशासनाचीही असते. फावला वेळ किती, याचे उत्तर २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत आहे. घरातील विनावेतन कामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुष ८८ मिनिटे. नगावारी शिवणकाम या जवळपास पाच तासांच्या व्यतिरिक्त करावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील कापडगिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या व्यापारी विकत घेत आणि दर्यापूरसारख्या जुन्या वस्त्यांतील स्त्रियांना वाटत. या स्त्रिया चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत आणि नगामागे मोबदला घेत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या संघटनेने त्यांना एकत्र केले आणि दरवाढ मागितली. व्यापाऱ्यांनी पुढाकार घेणाऱ्या स्त्रियांचे काम बंद केले. तेव्हा त्यांनी गिरणीकडून थेट चिंध्या घेऊन स्वतःच उत्पादन सुरू केले आणि पुढे ‘सबीना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. खुद्द ‘सेवा’ला १९७२ मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी मिळवताना झगडावे लागले होते. ज्यांचा ठरलेला मालक नाही, त्यांची संघटना कोणाविरुद्ध लढणार, असा श्रम खात्याचा प्रश्न होता. पन्नास वर्षांनंतरही या प्रश्नाची सावली धोरणांवर आहे.

सरकार या स्त्रीकडे पाहत नाही असे नाही. ते दोन चष्म्यांतून पाहते. पहिला चष्मा कलेचा. बिहारच्या सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर बंगालच्या नक्षी कांथ्यालाही. सुजनीसाठी निर्मला देवी यांना २०२५ मध्ये, तर कांथ्यासाठी प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. हे सन्मान योग्यच आहेत. मात्र मानांकन वस्तूच्या नावाचे संरक्षण करते. ती शिवणाऱ्या हाताला किती पैसे मिळावेत, याविषयी ते काहीच सांगत नाही.

दुसरा चष्मा उद्योजकतेचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साह्य आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज, अशी तिची रचना आहे. पण योजना स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी आहे आणि लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. पती सुतार म्हणून नोंदला गेला, तर यंत्रावर बसणाऱ्या पत्नीला दार बंद होते. त्याहून मूलभूत मुद्दा असा, की कापड, नमुना, मुदत आणि दर हे सगळे दुसराच कोणी ठरवत असेल, तर ती स्त्री उद्योजक कशी? यंत्र तिच्या मालकीचे झाल्याने यंत्राचा खर्च तेवढा तिच्या माथी येतो.

समजा, एका खोळीमागे दहा रुपये मिळतात आणि दिवसभरात दहा खोळी होतात. हातात येणाऱ्या शंभर रुपयांतून दोरा, सुई, तेल, वीज आणि माल आणण्या-पोचवण्याचे भाडे वजा करायचे. व्यापाऱ्याने एखादा नग नापास केला तर तोही तिच्याच खाती. शाळेतून आलेली मुलगी दोरे कापते, कडा दुमडते. तिच्या श्रमाचा दर शून्य. जागेचे भाडे कोणी धरतच नाही. कारखान्याने जो खर्च स्वतः सोसला असता, तो अशा रीतीने एका गरीब घरावर ढकलला जातो. वस्तू स्वस्त पडते ती यामुळे.

यावर कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्याने कर्मचाऱ्याच्या व्याख्येत, कच्चा माल देऊन ज्याच्याकडून बाहेर काम करून घेतले जाते अशा कामगाराचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतील व्याख्येत हा उल्लेख उरलेला नाही. याउलट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची स्वतंत्र व्याख्या आहे आणि साधने कोणी पुरवली हा मुद्दा तिथे गौण मानला आहे. दोन्ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. सामाजिक सुरक्षेपुरती जी कामगार आहे, तिला किमान वेतनाच्या संहितेतही तितक्याच स्पष्टपणे जागा का नसावी? घरातून होणाऱ्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा आहे. भारतीय स्त्रियांच्या संघटनेने त्यासाठी जगभर आग्रह धरला, पण भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

दर वाढवला तर व्यापारी शेजारच्या गल्लीत, नाही तर शेजारच्या शहरात जाईल, हा आक्षेप खरा आहे. अहमदाबादच्या स्त्रियांनी तो अनुभवला आहे. म्हणूनच दराची घासाघीस एकेका वस्तीवर सोपवून चालणार नाही. तो संपूर्ण राज्यासाठी ठरला पाहिजे. एका नगाला प्रत्यक्ष किती वेळ लागतो, हे मोजून त्यावरून आठ तासांच्या किमान वेतनाशी जुळणारा नगावारी दर काढता येतो. दिलेला माल, घेतलेले नग आणि चुकती केलेली रक्कम यांची नोंद असलेले साधे पुस्तक प्रत्येक कामगाराकडे असावे. विडी कामगारांच्या बाबतीत अशा नोंदींचे महत्त्व आपण फार पूर्वी ओळखले. ई-श्रम नोंदणीही अशा पुस्तकाशी जोडता येईल.

सुरुवात मात्र पाहणीपासून व्हायला हवी. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रामुख्याने घरकाम करणाऱ्या स्त्रियांना, घरातच काम मिळाले तर कराल का, असे विचारले होते. ग्रामीण भागातील सुमारे ३४ टक्के आणि शहरांतील सुमारे २८ टक्के स्त्रियांनी होकार दिला होता, आणि त्यांच्या ठळक पसंतींत शिवणकाम होते. प्रश्न विचारला की उत्तर मिळते, एवढे त्यावरून दिसते. मांडीवर कापड घेऊन बसलेली बाई दिसल्यावर ९३ लिहिण्याआधी कर्मचाऱ्याने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: हे कोणासाठी शिवता, आणि एका नगाचे काय मिळते?