थंडी, युरियाचे पाणी आणि आपले ऊस वाहतुकीचे ट्रक



लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या हे आमचे नेहमीचे विषय. या वेळी विषय ट्रकच्या टाकीतला आहे. याचा शेतकी खात्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण ऊस तुटून फडात पडला आणि ट्रक वाटेत अडकला, तर वजन घटते सभासदाचे आणि उतारा घटतो कारखान्याचा, म्हणजे फिरून सभासदाचाच. शिवाय त्या टाकीत भरतात तो युरियाच. तेव्हा त्यावर बोलायचा आम्हाला थोडा तरी हक्क आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या मोठ्या डिझेल ट्रकना डिझेल टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी दिसते. तिच्यात डीईएफ नावाचे पाणी असते. आपले ड्रायव्हर त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, आणि ते चूक नाही. वजनाने ३२.५ टक्के अत्यंत शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी, एवढाच त्यात माल. हे पाणी इंजिनात जात नाही, तर सायलेन्सरच्या गरम धुरात फवारले जाते. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये व वाफेत रूपांतर करतो. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर डीईएफ लागते. बैलगाडीवाल्यांना ही कटकट नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांनाही ही टाकी नसते. प्रश्न ट्रकवाल्यांचा आहे.

गेल्या हंगामात ऐन थंडीत यार्डात एकच तक्रार कानावर येत होती : "साहेब, युरिया गोठला, दिवा लागला, गाडी ओढत नाही." झाकणाभोवती आणि नळीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसायचे. खडे दिसले की गोठले, असा सरळ हिशेब.

पण डीईएफ गोठते उणे ११ अंशांला. आपल्या शेजारी निफाडला डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात पारा दोन अंशांखाली गेला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, तरीही उणे ११ फार लांब राहिले. कोपरगावात डीईएफ गोठत नाही, हे आधी पक्के डोक्यात ठेवा. ते पांढरे खडे म्हणजे बर्फ नव्हे, पाणी उडून मागे राहिलेला युरिया. बर्फ असता तर दुपारच्या उन्हात वितळला असता. हे खडे उन्हात आणखी कडक होतात! स्वच्छ कोमट पाण्याने धुतले की जातात.

मग हे थंडीतच का वाढते? कारण आपल्या यार्डात आहे. रात्री नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवतो. कधी ऊब म्हणून, कधी सकाळी सुरू होणार नाही या धास्तीने. रिकाम्या चालीवर धूर पुरेसा तापत नाही. फवारलेल्या युरियाचा पुरता अमोनिया होत नाही आणि तो सायलेन्सरच्या आत साचतो. थर वाढला की संगणक दिवा लावतो, आणि दुर्लक्ष केले तर इंजिनाची ताकद कमी करतो. भरलेला ट्रक चढाला रडतो तो त्यामुळे. नंबर लांब असेल तर इंजिन बंद करा आणि घोंगडी घ्या, हा आमचा सल्ला जुनाच असला तरी नव्या गाडीला जास्त लागू आहे. मात्र चावी फिरवल्याबरोबर बॅटरीचा मुख्य खटका पाडू नका. पंप नळ्यांतले पाणी परत टाकीत ओढतो, त्याला दोन मिनिटे लागतात.

खरी गोठण बघायची तर उत्तरेत. कांदा-द्राक्षे घेऊन जम्मूच्या पुढे जाणारी काही वाहने आपल्या सभासदांच्या घरची आहेत, म्हणून हेही लिहितो. द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसखाली जातो. तिथे साधे डिझेलही मेणासारखे घट्ट होते. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. डीईएफ तर त्याच्या कितीतरी आधी दगड होते. तरी घाबरण्याचे कारण नाही. गाडी सुरू होते, इंजिनाच्या गरम पाण्याची नळी टाकीतून फिरवलेली असते आणि डीईएफ हळूहळू वितळते. वितळलेले पाणी पहिल्यासारखेच कामाचे. गोठताना ते सात टक्क्यांच्या आसपास फुगते, तेव्हा टाकी काठोकाठ भरू नये. आणि डिझेल टाकीखाली जाळ करण्याची जी जुनी खोड आहे ती इथे करू नये. ही टाकी प्लॅस्टिकची असते.

प्रमाण ३२.५ च का, हे समजून घेण्यासारखे आहे. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात मीठ घालतो, त्याने बर्फाचा गोठणबिंदू उतरतो. युरियाही तेच करतो, पण ३२.५ टक्क्यांपर्यंतच. त्याहून कमी वा जास्त झाला की मिश्रण लवकर गोठते. म्हणजे पाणी घालून 'पुरवठ्याला' आणलेले डीईएफ थंडीत आधी दगा देते.

आता अवघड गोष्ट. काही जण खताच्या दुकानातली गोणी आणून ड्रममध्ये विरघळवतात. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा मोह होतो हे आम्हाला कळते. पण २०१५ पासून आपला युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला आहे. त्यात बाययुरेटही जास्त. वर बोअरचे खारे पाणी. ज्या पाण्याने ठिबकच्या तोट्या बुजतात, ते पाणी केसाएवढ्या भोकाच्या फवारणी नळीत काय करील? उत्प्रेरक एकदा बाद झाला की हंगामाच्या भाड्यातला मोठा घास जातो. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचा भंग आहे. आणि ऐन भरणीच्या वेळी दुकानात युरिया नाही म्हणून ओरडणारेही आपणच असतो.

साठवणही सांभाळा. हंगाम संपताना उरलेला डबा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला, तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पुढच्या गाळपापर्यंत त्यावर भरवसा राहत नाही. ३५ अंशांत तो सहा महिनेच धरावा. तरी गरजेपुरता साठा हवा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर अटी घातल्या, तेव्हा दक्षिण कोरियात हजारो ट्रक अडचणीत आले आणि त्या सरकारला हे पाणी ऑस्ट्रेलियातून लष्करी विमानाने आणावे लागले.

वाहतूक ठेकेदार सभासदांना एकच विनंती. दिवा लागला तर मिस्त्री शोधत बसण्याआधी गट ऑफिसला किंवा स्लिपबॉयला कळवा. तोड चालू असेल तर टोळीला थांबवता येते, तुटलेल्या उसाला दुसरे वाहन देता येते. पहाटे कळाले तर दुपारपर्यंत ऊस गव्हाणीत पडतो. संध्याकाळी कळाले तर रात्रभर फडात वाळतो.