सूत, सुई आणि आपली तब्येत

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. पण हाताने सूत काढणं आम्हा बायांना वर्षापूर्वी येत नव्हतं. आठवड्यातून दोनदा विहारात बसून आम्ही टकळी आणि विणसुया शिकलो. आता पेळूतून न तुटता धागा निघतो, सुलट-उलट टाके जमतात.

याच धाग्यावरून आपल्या माणसांना एकेकाळी दूर ठेवलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

आमच्या पहिल्या टोप्या वस्तीतल्या बाळंतिणींना दिल्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला गारठा लवकर बाधतो. टोपी मऊ, धुतलेली, गोंडा-बटण नसलेली असावी. बाळाला घाम आला तर काढावी. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं, की खरी ऊब मिळते.

विणताना उजेडात बसा. अर्ध्या तासाने उठून मान, मनगट मोकळं करा.

कापूस पिंजताना उडणारा तूस पाहून घरच्या कारखान्यातल्या माणसांची आठवण झाली. सुट्टीनंतर कामावर गेल्यावर छाती आवळते, धाप लागते? हा कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असू शकतो. तोंडाला फडकं बांधून भागत नाही; डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून छाती तपासून घ्या, विडी सोडा. खोकला दोन आठवडे टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती मोफत होते.

बायांनो, टकळी शिकायला या. येताना घरच्या कारागिराच्या खोकल्याचीही चौकशी करून या.